साहेबांच्या उंटाचा खुलासा

शनिवार, नोव्हेंबर महिना, सत्त्याण्णव साल. तारखेवर चहाचा डाग पडला आहे, म्हणून ती सोडून देते. हजर: साहेब (पांढरे मोहरे), बाबा (काळे मोहरे), रशीदभाई (चहा आणि घड्याळ), मी (नोंदी). गैरहजर: आई आणि आबाजी, मुक्काम कोरपना. त्या काळात बुद्धिबळाच्या प्रत्येक डावाची नोंद मी अशी हजेरीने सुरू करायचे. आजही घरात किराण्याची यादी करताना आधी कोण कोण घरी आहे ते लिहिते, आणि मुलं हसतात. हसू देत. त्या सवयीचं मूळ गडचिरोलीतल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात आहे. ती दोन वर्षं आता लिहून काढायला हवीत, कारण बाबा ऐंशीला टेकले आहेत आणि त्यांना विचारलं तर म्हणतात, "काई विशेष नव्हतं बावा. खेळत होतो." विशेष होतं. माझ्याकडे वही आहे.

आमचं घर तेव्हा दोन ठिकाणी मांडलेलं होतं. बाबा गडचिरोलीत एका सरकारी कार्यालयात बडेबाबू, म्हणजे मुख्य लिपिक. कोणतं कार्यालय ते सांगत नाही; तिथले बरेच जण अजून पेन्शन घेत आहेत आणि सुखात आहेत. आई कोरपन्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिच्याजवळ आबाजी, म्हणजे माझे आजोबा, ज्यांचं उजवं अंग लकव्याने गेलं होतं. मी अकरावी-बारावीसाठी बाबांकडे, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. सकाळी पोलीस कॅम्पातल्या शिट्ट्यांनी जाग यायची, त्यानंतर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि या दोन्हींच्या मध्ये बाबांचं दाढीचं पाणी उकळायचं. बाबा लाखोळीच्या डाळीचं वरण फार चांगलं करत आणि भात दर वेळी गिचका. दर पंधरवड्याला आई एसटीच्या ड्रायव्हरजवळ पिशवी पाठवायची: जवसाची चटणी, वाळवलेली अंबाडी, कधी सुकट, आणि तळाशी एक चिठ्ठी. पिशवी सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरवरून येत असल्यामुळे तिच्यावर सिमेंटची बारीक भुकटी बसलेली असे. बाबा आधी फडकं घेऊन पिशवी पुसत, मग चटणीच्या बरणीचं झाकण पुसत, मग चष्मा पुसत, आणि पुसायला काहीच उरलं नाही की चिठ्ठी उघडत. चिठ्ठीत एकच प्रश्न असायचा. बदलीचं काय झालं?

प्रश्न रास्त होता. मधल्या सुट्टीत आई शाळेतून धावत घरी यायची, आबाजींना भरवायची, त्यांची कूस बदलायची आणि पुन्हा धावत शाळेत जायची. मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली होती. आईचा हिशेब साधा होता: उन्हाळ्यापर्यंत बाबा चंद्रपूर जिल्ह्यात आले नाहीत तर ती नोकरी सोडणार. बाबांनी बदलीचा अर्ज कधीच केला होता. त्यावर साहेबांचा एक शेरा हवा होता, 'हरकत नाही' एवढाच. अर्ज साहेबांच्या बंगल्यावरच्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये होता, आणि साहेबांचं म्हणणं असं की ते त्यावर विचार करत आहेत.

साहेब पुण्याकडचे. स्वभावाने वाईट नव्हते, हे मी आज पूर्ण विचार करून लिहिते. त्यांचं कुटुंब तिकडे, ते इकडे, आणि शनिवारची दुपार ही त्यांच्यापुढची सर्वात मोठी अडचण. ती त्यांनी बुद्धिबळाने सोडवली. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, मध्ये पट. त्यातला एक काळा घोडा हरवलेला होता. त्याच्या जागी रशीदभाईंच्या भावाने सागाचा कोरून दिलेला, जरा गाढवासारखा दिसणारा घोडा. रशीदभाई कार्यालयाच्या जीपचे ड्रायव्हर. पांढरे मोहरे साहेबांचे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं; जसं मोठी खुर्ची कुणाची हे कुणी ठरवत नाही, तसंच. साहेब दर वेळी एकच सुरुवात करायचे, तिला पुस्तकात स्पॅनिश म्हणतात. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा बाहेर, आणि तिसऱ्या चालीला उंट तिरका लांब जाऊन काळ्याच्या घोड्यावर डोळा ठेवून बसतो. हा उंट साहेबांना फार प्रिय. तो ठेवताना ते बोटांनी जरासा दाबत, कागदावर शिक्का मारल्यासारखा.

साहेबांना आपल्या निवडक विजयांचं पुस्तक काढायचं होतं, त्यासाठी कुणीतरी चाली टिपून घेणारं हवं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी मला नेलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि आठवड्याभरात मला कळलं की हरणं हे नुसतं हरण्याइतकं सोपं काम नाही. बाबांच्या आधी एक लिपिक दर शनिवारी पंधराव्या चालीच्या आत हरायचा; साहेबांनी त्याच्या गोपनीय अहवालात 'एकाग्रतेचा अभाव' लिहिलं. दुसरा एकजण चुकून जिंकला. त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. हरायचं ते तिसाव्या चालीच्या आसपास, म्हणजे दुसरा चहा येता येता. मग तो चहा संपेपर्यंत साहेब बाबांना त्यांची चूक समजावून सांगणार: "मेश्राम, इथे घसरलात." "हो साहेब." "घोडा इकडे हवा होता." "लक्षात नाई आलं साहेब." आणि सर्वात महत्त्वाची अट, डाव नवा पाहिजे. त्याच जागी तसंच हरलं की साहेब जांभई देत.

बाबा शिस्तीचे. त्यांनी वाचनालयातून बुद्धिबळाचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यात स्पॅनिशला काळ्याने द्यायच्या नेहमीच्या उत्तरावर चाळीस पानं होती आणि शेवटी 'इतर बचाव' म्हणून बारीक टायपात सहा पानं. बाबांनी चाळीस पानं उघडली नाहीत. त्या सहा पानांत जिथे जिथे 'अनुभवी खेळाडू हा बचाव टाळतात' असं लिहिलं होतं तिथे त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मग नोंदींच्या वहीखेरीज घरच्यासाठी एक शंभर पानी वही आणून रकाने आखले: बचाव, किती चाली टिकतो, साहेबांचा आनंद दहापैकी. बचावांची पुस्तकातली नावं परदेशी होती, ती ध्यानात राहत नव्हती, म्हणून बाबांनी त्यांना कामकाजातली नावं दिली. उंटाचा डोळा असलेला घोडाच उचलून सरळ पटाच्या मध्यावर नेऊन ठेवायचा, याला 'थेट अर्ज'. दुसरा घोडा आपल्याच राजापुढे आणून उभा करायचा, त्यामुळे आपलाच उंट आणि वजीर आत कोंडले जातात, याला 'योग्य मार्गे'. राजाकडच्या बाजूचं एक प्यादं एकच घर सरकवून आपल्या उंटाला कोपऱ्यात बसवायचं, ही 'किरकोळ रजा'. वजिरापुढचं प्यादं एक घर पुढे घेऊन नुसतं बघत राहायचं, हे 'जैसे थे'. आणि राजाच्या उंटापुढलं प्यादं एकदम दोन घरं रेटायचं, स्वतःच्या राजाचं दार उघडं टाकून, हा 'मोर्चा'.

तालीम घरी व्हायची. घरात एकच खुर्ची, तिच्यावर मी. बाबा लोखंडी पेटीवर. मी साहेब. मी साहेबांसारखा उंट दाबायची, साहेबांसारखी 'हं' म्हणायची, आणि बाबा माझ्यासमोर हरण्याचा सराव करायचे. दोन वर्षं आम्ही जवळजवळ रोज खेळलो आणि बाबा जिंकण्यासाठी कसे खेळतात हे मी एकदाही पाहिलं नाही. हे तेव्हा मला खटकलं नाही. वरणाला फोडणी देता देता ते विचारत, "कितवी चाल?" मी म्हणायची, "सव्वीस." "मंग आता हत्ती सोडतो. उगाच घाई दिसाले नको."

'मोर्चा'ने एकदा फार फजिती केली. त्या दिवशी साहेबांना सर्दी होती आणि त्यांनी अठराव्या चालीला आपला वजीर बाबांच्या सागवानी घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. बाबांनी तो पाहिला. मी पाहिला. ट्रे घेऊन आलेल्या रशीदभाईंनीसुद्धा पाहिला आणि ते ट्रे घेऊन तसेच परत आत गेले. बाबांनी चष्मा पुसला, पटाकडे पाहिलं, आणि वजीर न घेण्याचं सभ्य कारण शोधू लागले. ते सापडेना. शेवटी त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यातलं एक प्यादं हलवलं. साहेबांच्या लक्षात आलं नाही, वजीर तिथेच राहिला. मग बाबांनी स्वतःचा वजीर साहेबांच्या हत्तीपुढे नेऊन उभा केला. साहेबांनी तो घेतला आणि म्हणाले, "मेश्राम, आज लक्ष कुठंय तुमचं?" वहीत त्या दिवशीची नोंद आहे: टिकला एकतीस चाली, आनंद दहापैकी नऊ.

आता त्या चाळीस पानांबद्दल. स्पॅनिशला जगभर लोक जे उत्तर देतात ते अगदी साधं आहे: वजिराकडच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे. त्याने उंटाला एवढंच विचारलं जातं की बाबा रे, तू घोडा घेणार की मागे जाणार? बस. आमच्या कार्यालयात मात्र हे प्यादं कुणीही कधीही हलवलं नव्हतं. कारण असं सांगत की फार पूर्वी एका लिपिकाने ते हलवलं, तेव्हाचे साहेब हसून म्हणाले, "मलाच विचारता का?", आणि चार महिन्यांनी तो लिपिक जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, सिरोंच्याला गेला. त्याची बदली तशीही होणारच होती का, ते साहेब खरंच रागावले होते का, याची चौकशी कुणी केली नाही. कार्यालयाने निष्कर्ष काढला आणि तो हाताखालच्यांनी हाताखालच्यांना सांगितला. साहेबाच्या उंटाकडून तिसऱ्याच चालीला खुलासा मागवायचा नसतो. अख्ख्या कार्यालयात सात माणसं बुद्धिबळ खेळत, आणि सातही जणांना जगात कुणी खेळत नाही असे बचाव पाठ होते.

डिसेंबरात रशीदभाई क्वार्टरवर आले. हातात वांगी होती, त्यांच्या परसातली. ती माझ्याकडे देऊन ते पेटीवर बसले.

"बडेबाबू, एक बात बोलू? बुरा नका मानू."

"बोला ना."

"तुमी जितकं झकास हरून राह्यले, तितकं साहेब तुमाले सोडणार नाई."

बाबांनी हातातली वही मिटली.

"काल जीपमधे त्यांच्या दोस्ताले सांगत होते. मेश्राम गेला तर माझा शनिवार गेला, म्हणे. तुमचा कागद ड्रॉवरमधीच हाय. मी सोता पाह्यला. त्याच्यावर डावाचा पट ठेवते साहेब."

"मंग काय जिंकू का आता?" बाबा म्हणाले.

"जिंकले तं सिरोंचा. हरले तं गडचिरोली." रशीदभाईंनी वांग्याचं देठ मोडलं. "बीचका रस्ता देखो ना."

त्या रात्री आम्ही तीच वांगी खाल्ली. वांगी छान होती, एवढं मी वहीत लिहिलं आहे. मला हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं. दोन वर्षं आम्ही ज्या वहीच्या जिवावर बदली मिळेल म्हणून बसलो होतो, ती वहीच बदली अडवून बसली होती. आनंदाच्या रकान्यात बाबांनी अभिमानाने लिहिलेले आठ आणि नऊ मी दिव्याखाली पुन्हा वाचले आणि मला वाटलं, हे आकडे खरं तर आईच्या धावपळीच्या हिशेबात धरायला हवेत.

पुढच्या रविवारी आम्ही कोरपन्याला गेलो. चंद्रपूरला गाडी बदलून, राजुरा, गडचांदूर, आणि पुढे कपाशीची शेतं, रस्त्याच्या कडेच्या झाडांवर सिमेंटने राखाडी झालेली पानं. घरी पोहोचलो तेव्हा आई आबाजींना भरवत होती. दुपारी खदानीतला रोजचा स्फोट झाला, फळीवरची ताटं किणकिणली, आणि आबाजींनी नेहमीप्रमाणे त्या आवाजावर घास गिळला. रविवारीही स्फोट होतो हे त्यांना आवडायचं, त्यामुळे वेळ कळते म्हणायचे. बोलणं त्यांचं जड झालं होतं, पण ऐकण्यात काही कमी नव्हतं. आईने बाबांना काही विचारलं नाही. ती मला म्हणाली, "राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला हाय. तारीख टाकाची बाकी हाय." आणि ताट घेऊन आत गेली.

आबाजींनी माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "काय हाय ते?"

मी सांगितलं. खेळाची वही आहे, बाबा साहेबांबरोबर खेळतात, मी लिहिते.

"वाच."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीकडे पाहत होते. मी वाचायला लागले: थेट अर्ज, तीस चाली, हार. योग्य मार्गे, अठ्ठावीस चाली, हार. किरकोळ रजा, तेहतीस चाली, हार. मी तीन पानं वाचली. आबाजी डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले.

"किती खेप हरला?" त्यांनी बाबांना विचारलं.

"मोजलं नाई."

"पोरगी तं लिहून राह्यली." मग एकेक शब्द बाहेर काढत ते म्हणाले, "आमी बी हरत होतो. मालगुजाराच्या पोराशी कुस्ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याले एक डाव येत नव्हता. आमी पडाचो. कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर. लोकाले खरं वाटाले पाह्यजे ना."

बाबा खिडकीपासून वळले.

"छपन्न साली चांद्याहून दीक्षा घेऊन आलो," आबाजी म्हणाले, "आन् थे काम सोडलं."

एवढं बोलून ते दमले. आईने बाहेर येऊन त्यांची उशी सारखी केली. परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले आणि राजुरा येईपर्यंत त्यांनी चष्मा एकदाही पुसला नाही. राजुऱ्याला म्हणाले, "सुजा, थे चाळीस पानं तू वाचली का?"

मी वाचली होती. दोनदा.

"काय हाय त्याच्यात?"

"कंटाळा आहे बाबा. प्यादं विचारते, उंट मागे जातो, पुन्हा दुसरं प्यादं विचारते, उंट आणखी मागे. मग घोड्याने त्याला घेऊन टाकायचं. बाकीचे मोहरे एकास एक मारत न्यायचे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. साहेबांना सांगायला काही उरत नाही."

"साहेबाच्या उंटाले कुठी चालला म्हणून विचारू मी?"

"दोनदा विचारायचं आहे," मी म्हणाले.

बाबा हसले. दोन वर्षांत मी त्यांना पटाच्या संदर्भात हसताना पाहिलं नव्हतं.

शनिवार. हजर: तेच. साहेबांनी प्यादं ढकललं, घोडा काढला, उंट ठेवून दाबला. बाबांनी हात पुढे केला, मध्येच थांबवला, आणि हत्तीपुढचं ते प्यादं इतक्या हळूच सरकवलं की ते दोन घरांच्या रेषेवरच राहिलं. मी वाकून ते नीट घरात ठेवलं.

साहेब प्याद्याकडे पाहत राहिले. "हे काय?"

"प्यादं, साहेब."

"ते दिसतंय मला. का?"

"पुस्तकात हाय साहेब."

"कुठल्या पुस्तकात?"

"सगळ्याच," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम होता.

साहेब खुर्चीत मागे टेकले. आता काय होणार म्हणून रशीदभाई दारातच उभे. आणि साहेबांचा चेहरा उजळला. "अहो मेश्राम, हे तर सगळं जग खेळतं! कॉलेजात असताना यावर मी रात्र रात्र घालवली आहे. इथे येऊन तीन वर्षं झाली, कुणी खेळेचना. मला वाटलं, तुम्हा लोकांना हे माहीतच नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. सात माणसांनी इतकी वर्षं जपलेली भीती, आणि साहेब ज्याची वाट पाहत होते ते नेमकं तेच प्यादं. सिरोंच्याला गेलेला तो लिपिक कोण होता, तेही आता कुणाला आठवत नव्हतं.

पण मजा पुढे होती. साहेबांनी ज्या रात्री घालवल्या होत्या त्यांतलं आता काही शिल्लक नव्हतं. त्यांनी उंट मागे घेतला. बाबांनी दुसऱ्या प्याद्याने पुन्हा विचारलं. साहेबांनी तो आणखी मागे घेतला. बाबांचा घोडा पटाच्या कडेला गेला आणि सातव्या चालीला त्याने तो लाडका उंट उचलून पटाबाहेर ठेवला. त्यानंतर बाबांनी वजिरास वजीर दिला, हत्तीस हत्ती, दुसऱ्या घोड्यास घोडा, आणि असंच उरलेलं सगळं. दुसरा चहा आला तेव्हा पटावर दोन राजे आणि एकमेकांना अडवून उभी असलेली प्यादी एवढंच होतं. साहेब बराच वेळ चूक शोधत होते. ना त्यांची सापडली, ना बाबांची.

"म्हणजे बरोबरी?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"हं." चहा संपला, तरी समजावून सांगायला काही नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "हा डाव लिहू नकोस. आणि मेश्राम, पुढच्या शनिवारी काहीतरी वेगळं आणा."

मी तो आधीच लिहिला होता, चव्वेचाळीस चाली, अनिर्णित. पुढच्या शनिवारी बाबांनी पुन्हा तेच प्यादं हलवलं, या वेळी बरोबर घराच्या मध्यभागी. साहेबांनी उंटाने घोडा घेऊन पाहिला, त्यानेही काही झालं नाही, अनिर्णित. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, आणि बाबा विचार करत असताना साहेब वर्तमानपत्र वाचत होते. सोमवारी रशीदभाई दुपारीच क्वार्टरच्या दारात. "ड्रॉवर खाली झालं," एवढंच म्हणाले, आणि पेढ्याचा पुडा पेटीवर ठेवला.

शेरा मी पुढे स्वतःच्या डोळ्यांनी वाचला: 'श्री. मेश्राम यांच्या कामात अलीकडे पूर्वीसारखा उत्साह व कल्पकता आढळत नाही. बदलीस हरकत नाही.' उन्हाळ्याच्या आत बाबा राजुऱ्याला रुजू झाले, आईच्या राजीनाम्यावर तारीख पडली नाही, आणि आबाजी आणखी दोन वर्षं स्फोटाच्या आवाजावर घास गिळत जगले, पण बाबांच्या हातचा. तो शेरा मात्र फायलीत बाबांबरोबर फिरत राहिला, बढतीच्या वेळी दर खेपेला कुणीतरी तो मोठ्याने वाचायचं. बाबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते म्हणत, शेरा बरोबर आहे.

साहेबांच्या विजयांची वही माझ्याकडेच राहिली. त्यांनी ती मागितली नाही. नंतर ते कुठे गेले, पुस्तक निघालं की नाही, मला माहीत नाही. शेवटची तीन पानं सोडली तर त्यांच्या पुस्तकाला लागणारा सगळा मजकूर तयार आहे. मध्यंतरी मी ती वही पहिल्यापासून तपासली, सवयीने, आणि एक गोष्ट लक्षात आली जी मी तेव्हा हजेरीत दर वेळी लिहीत होते आणि वाचत नव्हते: बाबा, काळे मोहरे. बाबा, काळे मोहरे. कार्यालयात तसं, घरी पेटीवर तसं, राजुऱ्यात नवे साहेब आले तेव्हा तसं. आजही माझा मुलगा कोरपन्याला आला की बाबा पट मांडतात, काळे आपल्या बाजूला घेतात, आणि तिसाव्या चालीच्या आसपास हरतात. मुलगा मला म्हणतो, आजोबांना फारसं येत नाही. मी त्याला काय सांगू?

म्हणून गेल्या काही वर्षांपासून माझ्या यादीत एक काम आहे: बाबांना पांढरे देणे. दिवाळीच्या यादीतून ते संक्रांतीच्या यादीत गेलं, तिथून उन्हाळ्याच्या, आणि असं उतरत उतरत आजच्या यादीत आलं आहे. आज रविवार. हजर: बाबा, मी. जेवणं झाल्यावर मी स्वतः पट मांडला, पांढरे त्यांच्या बाजूला, सागवानी घोडा माझ्या बाजूला. साहेबांचा पट जुना झाला तेव्हा रशीदभाईंनी तो आम्हाला आणून दिला होता. बाबा बसले. पटाकडे पाहिलं. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"चाल ना," ते म्हणाले.

"तुमची चाल आहे बाबा. पांढरे तुमच्याकडे आहेत."

"हो, पण तू सुरू कर. मी मंग पाह्यतो."

"पांढऱ्याने आधी चालायचं असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग राजापुढच्या प्याद्यावर एक बोट ठेवलं, ते काढून घेतलं, आणि म्हणाले, "थांब, चहा ठेवतो." त्याला आता पाऊण तास झाला. स्वयंपाकघरातून साखरेचा डबा उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज येतो आहे. पट मी हलवलेला नाही.